संयम आणि सक्ती

आपल्याकडील सात-बाराच्या उताऱ्यावर ‘पोटखराबा’ म्हणून एक नोंद असते. शेताच्या ज्या भागांत नांगर चालत नाहीं, तो भाग या नोंदींत जमा होतो. सबंध गांवाच्या हिशेबांत हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर चालतो. तेथें त्यास ‘पडीक’ म्हणतात. हे दोन्ही शब्द इतके अंगवळणीं पडले आहेत कीं, त्यांत एक निवाडा दडलेला आहे हें आपल्या ध्यानांत येत नाहीं. जमीन खराब ठरली ती कोणाच्या दृष्टीनें ? नांगराच्या आणि शेतसाऱ्याच्या. मेंढीला, सशाला किंवा चंडोलाला विचारलें असतें, तर त्यांनीं निराळा निकाल दिला असता. इंग्रज तत्त्वज्ञ लॉक यानें सतराव्या शतकाच्या अखेरीस मालमत्तेची उपपत्ति मांडतांना असें प्रतिपादिलें कीं, जमिनीला मोल येतें तें मुख्यतः मनुष्याच्या श्रमामुळें. जी निव्वळ निसर्गाच्या स्वाधीन राहिली ती वाया गेलेली समजावी. पुढें इंग्रजांनीं या देशांत जमाबंदी बसविली, तेव्हां या विचाराच्या हातीं मोजणीची साखळी आली. ‘पडीक’ हा शब्द आपल्याकडे त्यापूर्वींहि होता. परंतु त्याच्या शेजारीं गायरान, कुरण, देवराई असेहि शब्द नांदत होते, आणि त्यांपैकीं प्रत्येक शब्द ती जमीन कोणासाठीं आहे हें सांगत होता.

गेल्या अर्धशतकांत हा जुना निकाल फिरविण्याची इच्छा जगांत ठिकठिकाणीं दिसूं लागली आहे. कमी पावसाच्या, विरळ गवताच्या आणि खुरट्या झुडपांच्या ज्या विस्तीर्ण प्रदेशांकडे काल कोणी ढुंकून पाहत नव्हतें, त्यांना त्यांचें रानपण परत द्यावें. तेथून नाहींशीं झालेलीं जनावरें तेथें पुन्हां नांदूं द्यावीं. आणि हें काम एखाद्या कुंपणापुरतें न ठेवतां हजारों चौरस मैलांवर करावें, असा हा विचार आहे. मिलसारख्या अर्थशास्त्रज्ञानेंहि १८४८ सालींच असा अभिप्राय दिला होता कीं, संपत्ति कितीहि वाढली तरी सगळी पृथ्वी मनुष्याच्याच उपयोगाला लावून टाकण्यांत मनुष्याचें मोठें नुकसान आहे. तेव्हां हें ध्येय चांगलें आहे याविषयीं मला शंका नाहीं. माझी शंका निराळी आहे. भूमीला रानपण परत द्यावयाचें म्हणजे कोणी तरी आपला हात आखडता घ्यावयाचा. कोणी तरी चराई कमी करावयाची, कोणी तरी शिकार सोडावयाची, आणि रात्रीं गोठ्यांतली गाय मारली गेली तरी सकाळीं कोणी तरी सूड न घेतां स्वस्थ बसावयाचें. हा ‘कोणी तरी’ कोण, आणि त्याला हें सांगण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न वनशास्त्राचा नाहीं, नीतिशास्त्राचा आहे. प्रस्तुत लेखांत त्याचाच थोडासा विचार करावयाचा आहे.

या प्रश्नाशीं माझी पहिली गांठ पुस्तकांत पडली नाहीं. सुमारें तीस वर्षांपूर्वीं, मी नुकताच अध्यापक झालों असतां, विद्यार्थ्यांचें एक श्रमशिबिर घेऊन सोलापूर जिल्ह्यांतील एका गांवीं गेलों होतों. गांवाबाहेरच्या गायरानावर आम्हीं दहा दिवसांत सुबाभूळ आणि गिरिपुष्प यांचीं बाराशें रोपें लावलीं, भोंवतीं तारेचें कुंपण घातलें, आणि समारोपाच्या दिवशीं ओसाड माळाचें नंदनवन करण्याविषयीं मीं एक भाषणहि केलें. भाषण संपल्यावर मागें उभा असलेला एक म्हातारा धनगर पुढें आला. खांद्यावर घोंगडी, हातांत काठी. तो म्हणाला, “मास्तर, झाडं लावली, लई चांगलं केलं. पर आता मेंढरं कुठं न्यायची, तेवढं सांगून जावा.” मीं त्याला झाडांचे फायदे समजावून सांगितले. त्यानें ते सगळे शांतपणें ऐकून घेतले आणि “बरं हाय” एवढेंच म्हणून तो निघून गेला.

तीन वर्षांनीं मी पुन्हां त्या गांवीं गेलों. त्या उथळ, मुरमाड जमिनींत निम्म्याहून अधिक रोपें वाळून गेलीं होतीं. जेथें जगलीं होतीं तेथें सुबाभळीचें जाळें माजून खालचें गवत गेलें होतें. पुढें जाणकारांच्या संगतीनें हिंडल्यावर मला उमगलें कीं, आम्ही ज्याला ओसाड समजलों तें मुळांत ओसाड नव्हतेंच. कुसळी, मारवेल, पवन्या यांसारख्या गवतांचें तें एक जुनें रान होतें. धाविक आणि चंडोल त्यांत जमिनीवर अंडीं घालीत. खोकड, काळवीट व लांडगा त्याच्या आश्रयानें राहत. झाड नाहीं म्हणजे जीवन नाहीं, अशी आम्हां शहरी माणसांची समजूत. त्या समजुतीपायीं आम्हीं रानांतच रान उभें करावयाचा खटाटोप केला होता. पुष्कळ वर्षें मला वाटे कीं, माझी चूक चुकीचीं झाडें लावण्याची. आतां वाटतें कीं, ती दुय्यम चूक. मूळ चूक म्हाताऱ्याला आधीं न विचारण्याची. कारण विचारलें असतें तर कोठें कोणतें गवत येतें आणि झाड कोठें टिकत नाहीं, हें त्यानें पहिल्याच दिवशीं सांगितलें असतें. अन्याय आणि अज्ञान हीं दोन्हीं एकाच दारानें आंत शिरलीं होतीं.

आम्हांला जें सुचलें नाहीं तें ज्यांना सुचलें, अशा एका देशाचें नांव २०२२ सालीं आपल्या घरोघरीं पोहोंचलें. त्या वर्षीं १७ सप्टेंबर रोजीं नामिबियांतून आठ चित्ते विमानानें मध्यप्रदेशांतील कुनो येथें आणण्यांत आले. चित्ता आपल्याला परका नव्हे. कोल्हापूर संस्थानांत तर चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करविण्याचा षोक होता, आणि त्यासाठीं पुढें पुढें चित्ते आफ्रिकेंतून आणवीत. १९५२ सालीं हिंदुस्थानांतून हें जनावर नामशेष झाल्याचें जाहीर झालें. त्यामुळें त्या विमानाचें स्वागत साहजिक होतें. चित्त्यांविषयीं त्या दिवसांत पुष्कळ लिहिलें गेलें; परंतु ते ज्या देशांतून आले, त्या देशांतील माणसांनीं आपलीं जनावरें कशीं राखलीं, याविषयीं फारच थोडें. वस्तुतः ती हकीकत चित्त्याइतकीच आयात करण्यासारखी आहे.

नामिबिया हा सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेंतला सर्वांत कोरडा देश. त्याच्या वायव्येस काओकोवेल्ड व दमारालँड हे मुलूख आहेत. समुद्राकडच्या बाजूस तेथें वर्षाला चार इंचहि पाऊस पडत नाहीं. हिंबा, हेरेरो, दमारा अशा जमाती तेथें गुरें व शेळ्या घेऊन राहतात. हा देश प्रथम जर्मनांच्या आणि १९१५ पासून १९९० पर्यंत दक्षिण आफ्रिकेच्या अंमलाखालीं होता. त्या अमदानींत १९७५ सालीं वन्य पशूंसंबंधीं जो कायदा झाला, त्यानें कुंपण घातलेल्या मोठ्या जमिनींच्या गोऱ्या मालकांना आपल्या हद्दींतील जनावरांपासून उत्पन्न घेण्याचे हक्क दिले. त्यांच्या जमिनींवर हरणें वाढलीं. काळ्या गुराख्यांच्या सामाईक जमिनींवर मात्र प्रत्येक जनावर सरकारचें राहिलें. गुराख्याच्या आजानें मारलें ती शिकार होती. नातवानें मारलें ती चोरी ठरली. हत्तीनें मळा तुडवला तर नुकसान त्याचें, हत्ती मात्र दुसऱ्याचा. ज्या वस्तूवर आपला हक्क नाहीं, पण जिचा त्रास तेवढा आपल्या वांट्याला, तिच्याविषयीं ममता कोणाला वाटेल ?

पुढें १९८० च्या सुमारास तेथें भयंकर अवर्षण पडलें. गुरें पटापट मेलीं, माणसें उपाशी पडलीं. सरहद्दीवरील युद्धामुळें रायफली मुबलक झाल्या होत्या, आणि हस्तिदंताला व गेंड्याच्या शिंगाला बाजारांत भाव होता. शिकार करणाऱ्यांत भुकेले गुराखी होते, तसेच सैनिक आणि सरकारी अधिकारीहि होते. हत्ती व काळे गेंडे संपण्याच्या बेतास आले. अशा वेळीं गार्थ ओवेन-स्मिथ नांवाचा एक गृहस्थ, जो पूर्वीं नोकरीनिमित्त त्या मुलुखांत राहिला होता आणि गुराख्यांना ओळखत होता, तो गांवोगांवच्या मुखियांकडे गेला. त्यांच्याशीं बोलतां त्याच्या लक्षांत आलें कीं, आपल्या मुलखांतून हीं जनावरें जावींत अशी त्यांचीहि इच्छा नाहीं. मग मुखियांनीं आपल्याच माणसांतून राखणदार नेमले. हें १९८३ च्या आसपासचें. या राखणदारांना बंदूक नव्हती. मोबदला म्हणजे मक्याचें पीठ, थोडा शिधा आणि जुजबी रोख रक्कम. जबाबदार ते आपल्या मुखियाला. त्यांतील कित्येक स्वतः नांवाजलेले शिकारी असल्यामुळें पाऊलखूण पाहून सारी हकीकत सांगत. पुढें मार्गारेट जेकबसन ही मानववंशशास्त्रज्ञ स्त्री या कामांत आली. चोरटी शिकार ओसरली, आणि जनावरें हळूहळू सावरलीं.

देश स्वतंत्र झाल्यावर १९९६ सालीं कायदा बदलला. गोऱ्या मालकाला जे हक्क होते, तशाच प्रकारचे हक्क सामाईक जमिनीवर राहणाऱ्या समूहालाहि मिळाले. अट एवढीच कीं, त्यानें आपल्या हद्दी शेजाऱ्यांशीं बोलून ठरवाव्या, सभासदांची यादी करावी, पंचमंडळी निवडावी, नियम लिहून काढावे, आणि येणारें उत्पन्न कसें वांटणार तें सांगावें. १९९८ सालीं अशा पहिल्या चार राखणसंस्था नोंदल्या गेल्या. आज त्यांची संख्या ८६ आहे आणि देशाचा सुमारें एक-पंचमांश भाग त्यांच्या हद्दींत येतो. या प्रदेशांतून कोणालाहि उठविलेलें नाहीं. माणसें तेथेंच राहतात, गुरें तेथेंच चरतात, आणि त्याच रानांत काळा गेंडा उद्यानाच्या कुंपणाबाहेर मोकळा हिंडतो. चित्त्यांचीहि गोष्ट अशीच; त्या देशांतील बहुतेक चित्ते सरकारी उद्यानांत नसून शेतकऱ्यांच्या व गुराख्यांच्या कुरणांवर राहतात.

हें वर्णन वाचून कोणी तेथें रामराज्य अवतरल्याची कल्पना करूं नये. अलीकडच्या अवर्षणांत हरणें पुष्कळ घटलीं, आणि भुकेले सिंह गुरांवर पडूं लागले. २०२० सालच्या साथींत प्रवासी येईनासे झाले तेव्हां उत्पन्न आटलें. पंचमंडळीहि माणसेंच, त्यांच्या हिशेबांविषयीं तक्रारी होतात, आणि जमातींतील दुबळ्यांच्या हातीं कमी पडतें. २०२४ सालीं तर दुष्काळ इतका पडला कीं, सरकारनें ७२३ वन्य जनावरें मारून त्यांचें मांस लोकांना वांटण्याचें ठरविलें. त्यांत ८३ हत्ती होते. मी शाकाहारी घरांत वाढलों. ती बातमी वाचून माझ्या अंगावर कांटा आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाहीं. पण मग मनांत आलें कीं, माझ्या या शहाऱ्याची मला किंमत काय द्यावी लागली ? माझ्या घरचा पाण्याचा नळ त्या दिवशींहि चालू होता. माझा शहारा खोटा नसेल, परंतु त्याच्या बळावर त्या लोकांच्या चुलीवर न्यायाधीश होऊन बसण्याचा अधिकार मला पोहोंचत नाहीं.

आतां चित्ते जेथें उतरले त्या जागेकडे पाहूं. कुनो येथें गीरचे सिंह आणावयाचे म्हणून १९९८ ते २००३ या काळांत तेथील चोवीस गांवें उठविण्यांत आलीं. सुमारें दीड हजार कुटुंबें बाहेर गेलीं. त्यांत बहुतेक सहरिया आदिवासी होते. डिंक व इतर वनोपज गोळा करणें हा त्यांच्या उपजीविकेचा मोठा आधार, तो तुटला. बदली जमीन मिळाली, परंतु ती पुष्कळ ठिकाणीं खडकाळ आणि पाण्यावांचून होती. आणि ज्या सिंहांसाठीं हें सारें झालें ते सिंह आलेच नाहींत. सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं आज्ञा करूनहि आले नाहींत. जवळजवळ वीस वर्षें ती जागा वाट पाहत राहिली, आणि अखेर तेथें चित्ते आले. त्यांतील कांहीं मेले, कांहींना पिलें झालीं. या प्रयोगाचें यशापयश काळ ठरवील. मला येथें एवढीच विसंगति दाखवावयाची आहे कीं, जेथें मनुष्य आणि चित्ता शेजारीं राहतात अशा देशांतून आपण चित्ता आणला, शेजार मात्र तेथेंच ठेवला.

हा दोष परप्रांतावर ढकलून आपण मोकळे होऊं शकत नाहीं. १९७९ सालीं सोलापूर व तेव्हांचा अहमदनगर या जिल्ह्यांतील सुमारें ८,४९६ चौरस किलोमीटर प्रदेश माळढोक पक्ष्याचें अभयारण्य म्हणून जाहीर झाला. खरें गवताचें रान त्यांत थोडें; बाकीचीं शेतें, गांवें आणि बाजारपेठा. पक्षी वांचावा हा हेतु स्तुत्यच होता. परंतु जमिनीच्या खरेदी-विक्रीपासून बांधकामापर्यंत लोकांच्या मागें परवानगीचा ससेमिरा लागला. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या शिवारांत ज्याला डौलानें चालतांना पाहिलें, तो पक्षी पाहतां पाहतां शेतकऱ्याच्या लेखीं सात-बारावरील बोजा झाला. पुढें अभयारण्याची हद्द आंखडून सुमारें १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यांत आली. परंतु तोंपर्यंत माळढोक जवळजवळ नाहींसाच झाला होता. याचा सर्व दोष त्या घोषणेच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. पीकपद्धति बदलली, कालवे आले, माळावर विजेच्या तारा ओढल्या गेल्या, हींहि कारणें आहेत. तथापि एवढें खास कीं, नकाशावर रंगविलेल्या हद्दीनें पक्ष्याला एकहि नवा मित्र मिळवून दिला नाहीं, आणि जे होते त्यांतले कांहीं दुरावले.

या सगळ्यांतून जो भेद मला दिसतो तो संयम आणि सक्ती यांतला आहे. संयम हा सद्‌गुण खरा. पण तो ज्याचा त्यानें केला तरच. उपवास मी केला तर तें व्रत; मीं दुसऱ्याला उपाशी ठेवलें तर त्याला व्रत कोणी म्हणत नाहीं. हात आंखडून घेण्याची शक्ति त्यालाच असूं शकते, ज्याचा हात त्या वस्तूवर कायद्यानें आणि रीतीनें पोहोंचतो. गुराख्याला हरणाचा मालक केल्यावर तो हरिण न मारण्याचें ठरवूं शकतो. हरिण सरकारचें असेल तर तो फक्त पकडला जाऊं शकतो किंवा निसटूं शकतो. म्हणून मालकी देणें ही निसर्गरक्षणाची केवळ एक युक्ति नव्हे. त्यावांचून तेथें नीतीला जागाच उत्पन्न होत नाहीं. आपण शहरांत बसून माळाच्या, वाळवंटाच्या आणि अरण्याच्या रक्षणाचा जो उत्साह दाखवितों, त्यांत आयजीच्या जिवावर बायजी उदार असा प्रकार फार असतो. महाभारतांत खांडववन जाळलें गेलें. आज वनासाठीं गांवें हलविलीं जातात. क्रम उलटला, परंतु तेथें आधींपासून राहत होते त्यांना विचारावयाचें नाहीं, हा भाग दोन्हीं कथांत सारखाच राहिला.

यावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा कीं, मनुष्याला दुसरीकडे वसवितां येतें, पण एक प्राणिजाति गेली ती कायमचीच. मग थोडी सक्ती झाली तर काय बिघडलें? हा आक्षेप वजनदार आहे. जें पुन्हां मिळणार नाहीं तें राखण्याचें कर्तव्य अधिक मोठें, हें मला मान्य आहे. कांहीं थोड्या जागा अगदीं निर्मनुष्य ठेवाव्या लागतील, हेंहि मान्य आहे. परंतु कर्तव्य मोठें आहे एवढ्यावरून तें कोणाच्या खांद्यावर ठेवावें हें ठरत नाहीं. माळढोकाचीच गोष्ट घ्या. राजस्थान व गुजराथेंत तो विजेच्या तारांवर आपटून मरतो म्हणून २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या तारा जमिनीखालून नेण्याचा हुकूम दिला. खर्च अवाढव्य आहे आणि सर्वत्र हें शक्य नाहीं, असें सरकारनें न्यायालयापुढें मांडलें. २०२४ सालीं तो सरसकट हुकूम बाजूला ठेवून तज्ज्ञांची समिति नेमण्यांत आली. ही तडजोड योग्य नसेल असें मी म्हणत नाहीं. सूर्याच्या विजेचीहि देशाला गरज आहे. मला तिच्यांतला सौजन्याचा भाग तेवढा दाखवावयाचा आहे. त्यागाचा खर्च आमच्या विजेच्या बिलावर पडणार असें दिसतांच मोजदाद झाली, वाद झाला, मध्यम मार्ग निघाला. तोच खर्च धनगरावर किंवा सहरियावर पडतो तेव्हां मात्र कुंपण घातलें जातें.

दुसरा आक्षेप असा कीं, ‘स्थानिक समाज’ म्हणजे कांहीं देवमाणसांचा मेळा नव्हे. गांवांत पाटील असतो, सावकार असतो, ज्याच्या शंभर मेंढ्या आहेत तो असतो आणि ज्याची एकच शेळी आहे ती विधवाहि असते. गांवाला विचारलें म्हणजे पाटलाला विचारलें, असाच अनुभव पुष्कळदां येतो. हा आक्षेप अगदीं खरा आहे, आणि ज्यांनीं खेडें केवळ कवितेंत पाहिलें आहे त्यांनीं तो नीट ऐकावा. परंतु यांतून निघणारें अनुमान काय ? गांवाला विचारूं नये हें नव्हे; गांवांत आणखी खालपर्यंत जाऊन विचारावें हें. नामिबियाच्या कायद्यानें सभासदांची यादी आणि वांटणीचा लेखी बेत मागितला तो याचसाठीं. यादींत नांव असलें म्हणजे न्याय मिळतोच असें नाहीं. पण यादींत नांव नसेल तर तो मागतांहि येत नाहीं.

तिसरा आक्षेप तत्त्वज्ञांचा. हे लोक पैशासाठीं जनावरें राखतात; कांटच्या कसोटीला हें कृत्य नैतिक ठरेल काय ? प्रवासी बंद झाले म्हणजे यांचें वन्यप्रेमहि बंद होणार नाहीं काय ? मला एक तारीख या शंकेचें उत्तर वाटते. राखणदार नेमले गेले ते १९८३ च्या सुमारास. उत्पन्नाचा हक्क देणारा कायदा आला १९९६ सालीं. मधलीं तेरा वर्षें बहुतांशीं मक्याच्या पिठावर गेलीं. पैसा त्यांच्या इच्छेच्या मागून आला. त्यानें ती इच्छा टिकविण्याची शक्ति दिली. आणि समजा, पैशाचा लोभ असला तरी बिघडलें काय ? आपण मुलांना शिकवून पगार घेतों. तेवढ्यानें शिकविण्यावरील आपलें प्रेम खोटें ठरतें असें आपल्यापैकीं कोणी म्हणत नाहीं. गरिबाच्या सद्‌गुणाकडून तेवढी निर्मळ निष्कामता मागावयाची आणि आपल्याकडून ती मागावयाची नाहीं, हाहि सक्तीचाच एक सूक्ष्म प्रकार आहे.

तेव्हां भूमीला तिचें रानपण परत देण्याचें काम अवश्य व्हावें, आणि मोठ्या प्रमाणावर व्हावें. परंतु त्याचा क्रम बदलावा. आधीं विचारावें, मग नकाशा काढावा. आधीं हक्क द्यावा, मग संयमाची अपेक्षा करावी. ज्यांना रान हवें आहे त्यांनीं त्याच्या किंमतींतील आपला हिस्सा स्वतः उचलावा, आणि त्यांत आपण शिकलेले, पांढरपेशे वाचक पहिले आहों. आणि जेथें विचारल्यावर उत्तर ‘नाहीं’ असें येईल तेथें थांबावें. या शेवटच्या गोष्टीला फार धीर लागतो, आणि कधीं कधीं या थांबण्यापायीं आपण एखादी जाति गमावूंहि. तें दुःख लहान आहे असें मी म्हणत नाहीं. पण ज्यांना उठविलें त्यांच्या शिव्याशापांवर उभें राहिलेलें अरण्य किती दिवस उभें राहतें, हेंहि आपण पाहिलें पाहिजे.

त्या गायरानावर मी दुसऱ्यांदा गेलों तेव्हां तो म्हातारा मला भेटला. कुंपणाच्या कडेकडेनें त्यानें मेंढ्या हिंडवल्या होत्या. तक्रारीचा एक शब्दहि त्याच्या तोंडून निघाला नाहीं. त्याच आठवड्यांत लांडग्यानें त्याचीं दोन कोकरें नेलीं होतीं. “मग बाबा, लांडग्याचा बंदोबस्त नाहीं का करीत ?” असें मीं विचारलें. तो म्हणाला, “वर्साला दोन-चार जात्यातच, मास्तर. माळावर ऱ्हातो तर त्याचा बी वाटा हाय की.” सगळेच धनगर असें म्हणत नाहींत, कांहीं जण मेलेल्या मेंढीत विषहि घालतात, हें मला ठाऊक आहे. पण या एका माणसानें जें आपल्या कोकरांच्या मोलानें सांभाळलें होतें, त्याचाच उपदेश करावयास मी शहरांतून शिबिर घेऊन गेलों होतों. आज तो हयात नाहीं. तारा गंजून तुटल्या आहेत, आणि सुबाभळीच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यांत कुसळी पुन्हां उगवूं लागली आहे. त्याचा नातू तेथें मेंढ्या चारतो. मेंढरं कुठं न्यायची, या प्रश्नाचें उत्तर मीं त्याच्या आजाला दिलेंच नाहीं. आतां तें द्यावयाचें झालें तर, इतक्या वर्षांनीं मला एवढेंच सुचतें कीं, तें ठरवावयाचा अधिकार माझा नव्हता. आणि भाषण त्यानें करावयास हवें होतें, ऐकावयास मीं बसावयास हवें होतें.